सांजवात आणि शिलालेख

प्राचीन देवालय दिवसाच्या कोणत्या प्रहरीं पाहावें, हा प्रश्न वरवर पाहणारास क्षुल्लक वाटेल. संशोधकास दुपारचें ऊन सोईचें असतें. त्यास मापें घ्यावयाचीं असतात, झिजलेलीं अक्षरें वाचावयाचीं असतात. भाविकास पहाटेची काकडआरती प्रिय. परंतु ज्यास देवळाच्या द्वारें तें बांधणाऱ्या माणसांपर्यंत पोहोंचावयाचें आहे, अशा इतिहासाच्या सामान्य वाचकास आम्ही सायंकाळची वेळ सुचवूं. दिवेलागणीच्या सुमारास बाहेरचा उजेड आणि आंतला अंधार यांतील अंतर कमी होतें. भर उन्हांतून सभामंडपांत शिरणाराचे डोळे जसे दिपून जातात तसे त्या वेळीं दिपत नाहींत, आणि समईचा उजेड जेथपर्यंत पोहोंचतो तेथपर्यंतच देऊळ दिसतें. ज्यांनीं तें बांधिलें त्यांनींहि आंतला भाग बहुधा याच उजेडांत पाहिला. खेड्यांत वीज आली त्याला फार दिवस झाले नाहींत. समईची राजवट मात्र आठ-नऊशें वर्षांची आहे.

हा विचार आम्ही यवतमाळ जिल्ह्याच्या निमित्तानें मांडीत आहों. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर हा जिल्हा नाहीं. पूर्वेस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा या दोन नद्यांच्या कोनांत तो वसलेला आहे. पूर्वीं यास वणी जिल्हा म्हणत; यवतमाळ हें जिल्ह्याचें नांव १९०५ सालापासूनचें. कापूस, सागवान, वणीकडचा दगडी कोळसा आणि अलीकडच्या काळांत शेतकऱ्यांची विपत्ति, एवढ्याच गोष्टींसाठीं बाहेरच्या वाचकास हें नांव ठाऊक असतें. परंतु या जिल्ह्यांत काळ्या दगडाचीं, चुन्याशिवाय रचलेलीं जुनीं देवळें अनेक गांवीं उभीं आहेत. कोठें शिखर गेलें आहे, कोठें मंडपाचा एखादा खांब शेतांत पडला आहे. तरीहि बहुतेक ठिकाणीं सायंकाळीं कोणी तरी येऊन दिवा लावतें. यांपैकीं कोणाचाहि कर्ता विचारला तर एकच उत्तर मिळतें : हेमाडपंत. या उत्तराची परीक्षा करणें, हाच या लेखाचा हेतु आहे.

यवतमाळ शहरास अगदी लागून लोहारा नांवाचें गांव आहे. अकबराच्या कारकीर्दींतील ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथांत या परगण्याचा उल्लेख योत-लोहारा असा जोडनांवानें आला आहे. म्हणजे ज्या काळीं यवतमाळास स्वतःचें असें मोठें महत्त्व नव्हतें, त्या काळीं तें लोहाऱ्याच्या सोबतीनें ओळखलें जाई. आज लोहाऱ्याकडे औद्योगिक वसाहत आहे आणि शहरच गांवापर्यंत येऊन भिडलें आहे. येथें कमळेश्वर महादेवाचें जुनें हेमाडपंती देऊळ आहे. दिवस मावळतांना अशा देवळापाशीं येऊन उभें राहिलें म्हणजे प्रथम लक्ष जातें तें दगडाकडे. दिवसभर तापलेला काळा दगड सायंकाळीं आपली ऊब सोडूं लागतो; उंबरठ्याशीं पाऊल टाकतांच ती तळपायास जाणवते. आंत मात्र गारवा. बाहेर गुरें परतत असतात, त्यांच्या खुरांची धूळ खालींच रेंगाळते. आंत तेलाचा, बेलाचा आणि ओलसर दगडाचा मिळून एक वास असतो. डोळे अंधारास सरावतात तसतसे खांब एकेक पुढें येतात, मग द्वारशाखेवरच्या आकृति, आणि सर्वांत शेवटीं, चार पायऱ्या खालीं असल्यासारखें, पिंडीवरचें निरांजन.

हा अंधार दगडाच्या स्वभावांतून आला आहे. दगड दाबास फार बळकट, पण ताणास दुबळा. दोन खांबांवर दगडाची तुळई आडवी टाकली कीं तिच्या खालच्या अंगास ताण बसतो. अंतर वाढवावें तर ती मधोमध भंगते. कमानीचा उपयोग या देवळांच्या स्थपतींनीं केला नाहीं. म्हणून खांब जवळजवळ उभे करणें त्यांस भाग पडलें. छतासाठीं त्यांनीं चौकोनावर तिरपा चौकोन, त्यावर पुन्हां लहान चौकोन, अशा रीतीनें दगड पुढें पुढें सरकवीत मधली मोकळी जागा आवळीत नेली आणि शेवटीं एका शिळेनें ती झांकली. सांध्यांत चुना नाहीं. घासून बसविलेले पृष्ठभाग, ठिकठिकाणीं कुसवाची खोबण, आणि वरचा भार, एवढ्यावर सारें उभें आहे. भार जितका अधिक तितकी इमारत स्थिर, म्हणून भिंतीहि जाड. खिडकीस जागा उरत नाहीं. उजेड येतो तो एका दारांतून, आणि तो मंडप, अंतराळ, गाभारा असा टप्प्याटप्प्यानें विरळ होत जातो. स्थपतीनें या अडचणीलाच देवापर्यंत नेणारी वाट बनविलें, हें त्याचें कौशल्य.

येथें वाचकांस एका फार दूरच्या देशाची आठवण करून द्यावीशी वाटते. नाईल नदीच्या कांठचे मिसर देशाचे स्थपति याच अडचणींत होते आणि त्यांनींहि हीच वाट काढिली. कर्नाक येथील महामंडपांत १३४ खांब आहेत. त्या अरण्याचें कारणहि तुळईची मर्यादित लांबी हेंच. एड्फू येथें होरस देवाचें जें देऊळ इ. स. पूर्व २३७ मध्यें आरंभिलें गेलें, तें आज तेथील देवळांत सर्वांत सुस्थितींत आहे. त्यांत आंत जावें तसतशी जमीन चढत जाते, छत उतरत येतें आणि उजेड कमी होतो. अगदी आंत देवाचें दगडी देवघर. पूजा दिवसांतून तीनदां होई, आणि सायंकाळच्या पूजेनंतर मूर्तीचें कपाट बंद करून पुजारी बाहेर पडत. दोन देशांत देणें-घेणें झालें असेल असें सुचविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. दोहोंच्या मध्यें हजार-दीड हजार वर्षांचें आणि तितक्याच कोसांचें अंतर आहे. सारख्या साधनांतून सारख्या अडचणी आणि सारख्या अडचणींतून सारखीं उत्तरें निघतात, एवढेंच म्हणावयाचें.

परंतु आज त्या देशांत सायंकाळीं देवळास जाणारास काय दिसतें? लक्सर येथील देऊळ रात्रीपर्यंत उघडें असतें. विजेचे दिवे खांबांच्या पायथ्याशीं लाविलेले असतात, त्यामुळें सांवल्या खालून वर पडतात. जुन्या पुजाऱ्यानें त्या तशा कधींच पाहिल्या नसतील. तेथें कर्त्याचें नांव विचारण्याची गरजच नाहीं. तिसरा आमेनहोतेप आणि दुसरा रामेसिस या राजांचीं नांवें भिंतींवर शेकडों वेळां कोरलेलीं आहेत. दारापुढें दोन सुळके होते, त्यांपैकीं एक १८३६ पासून पॅरिसच्या चौकांत उभा आहे. त्यावरचेंहि नांव वाचतां येतें. नांव आहे, तिथि आहे, युद्धांचीं वर्णनें आहेत. नाहीं तो फक्त दिवा. आमोन देवाची पूजा तेथें बंद पडून दीड हजार वर्षें लोटलीं. त्याच देवळाच्या आवारांत अबुल हज्जाज या साधुपुरुषाची मशीद तेराव्या शतकापासून उभी आहे आणि मावळतीच्या वेळीं तिच्यांतून बांग ऐकूं येते. म्हणजे जागेचें पावित्र्य टिकलें, मूळ पूजा मात्र संपली.

यवतमाळकडे परत यावें तों स्थिति अगदी उलट. येथें दिवा आहे, नांव नाहीं. आणि नांवाची ही रिकामी जागा ‘हेमाडपंती’ या शब्दानें भरून काढिलेली आहे.

हेमाद्रि हा पुरुष ऐतिहासिक, यांत शंका नाहीं. देवगिरीच्या यादवांपैकीं महादेव (१२६१-१२७१) आणि रामचंद्र (१२७१-१३११) यांचा तो श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा मुख्य अधिकारी. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ त्याच्या नांवावर आहे. मोडी लिपि त्यानें आणली, बाजरी त्यानें आणली, देवळें त्यानें बांधिलीं, अशा लोककथा महाराष्ट्रभर आहेत. एखादा पुरुष लोकस्मृतींत मोठा झाला कीं आजूबाजूच्या अनामिक कामांचें पितृत्व त्याच्याकडे आपोआप चालत येतें. परंतु कालगणना या कथेस साथ देत नाहीं. अंबरनाथच्या सुप्रसिद्ध शिवालयांतील लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमाराचा आहे. अकोला जिल्ह्यांतील बार्शी टाकळीच्या देवळाचा लेख शके १०९८ चा. हीं दोन्ही देवळें हेमाद्रि अधिकारावर येण्यापूर्वीं कित्येक पिढ्या उभीं होतीं. दगडाच्या चुनाविरहित रचनेस ‘हेमाडपंती’ म्हणावें, त्यास आमची हरकत नाहीं. शब्द रूढ झाला आहे आणि सोईचा आहे. पण तो रचनेचा शब्द आहे. तो तिथीचा किंवा कर्त्याचा शब्द म्हणून वापरला कीं चौकशी तेथेंच थांबते.

चौकशी न थांबविल्यास काय हातीं लागतें, याचें उदाहरण याच जिल्ह्यांत आहे. पुसद तालुक्यांत डोंगरगांव नांवाचें लहानसें खेडें आहे. तेथें एक शिलालेख मिळाला. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं तो वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’ मध्यें प्रसिद्ध केला. लेख संस्कृत भाषेंत, नागरी लिपींत आहे. त्याची तिथि शके १०३४, म्हणजे इ. स. १११२. हेमाद्रीच्या अधिकारकालाच्या जवळजवळ दीडशें वर्षें आधींची! आणि त्यांत नांव यादव राजाचें नाहींच. तें आहे माळव्याच्या परमार घराण्यांतील जगद्देवाचें.

हा जगद्देव कोण? धारच्या भोजराजाच्या मृत्यूनंतर माळव्यावर एकाच वेळीं शत्रूंचे घाले आले आणि राज्य बुडण्याच्या बेतांत असतांना उदयादित्यानें तें सांवरिलें, ही हकीकत या लेखांत आहे. त्या उदयादित्याचा जगद्देव हा पुत्र. माळव्याचें राज्य सोडून तो दक्षिणेंत आला आणि कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयास राहिला. वऱ्हाडाच्या या भागाचा कारभार त्याच्या हातीं आला. गुजरात-राजस्थानांतील चारण ज्या जगदेव परमाराच्या दातृत्वाचे आणि देवीस शिरकमल अर्पिल्याचे पवाडे गात आले, तो हाच पुरुष. चारणांच्या कथेंत तो असा अद्भुताच्या कक्षेंत गेलेला दिसतो; पुसदच्या डोंगराळ मुलुखांत मात्र तो एका ब्राह्मणास डोंगरगांव दान देतांना, दगडावर, तारखेसह दिसतो. कथेंतला पुरुष इतिहासांत उतरला तो यवतमाळ जिल्ह्यांतील एका खेड्याच्या दगडामुळें. आणि गांवाचें नांव? लेखांत तें डोंगरग्राम असें आहे. नऊशें वर्षांत राजवटी किती आल्या-गेल्या, गांवानें आपलें नांव मात्र सोडलें नाहीं.

पैनगंगा ओलांडून दक्षिणेस गेलें कीं आदिलाबाद जिल्ह्यांत जैनद हें गांव लागतें. आज तें तेलंगणांत आहे. जगद्देवाच्या काळीं ही नदी कोणाचीच सरहद्द नव्हती. तेथील लेखहि जगद्देवाच्याच काळचा. त्याच्या पदरचा लोलार्क नांवाचा एक सरदार होता. त्याची पत्नी पद्मावती हिनें निंबादित्याचें, म्हणजे सूर्याचें, देऊळ बांधविलें, अशी नोंद त्यांत आहे. एका बाईचें नांव, तिनें बांधविलेल्या देवळासह, नऊशें वर्षें टिकलें. जैनदच्या देवळांत वर्षांतील ठराविक दिवसांत सूर्यकिरण मूर्तीपर्यंत पोहोंचतात, अशी आजहि ख्याति आहे. सूर्य आणि देऊळ यांचें असें नातें जोडण्याची विद्या आपल्याकडे चांगलीच ठाऊक होती. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या देवळांत तर मावळतीचे किरण जानेवारीच्या अखेरीस आणि नोव्हेंबरांत मूर्तीपर्यंत जातात, आणि तो किरणोत्सव पाहण्यास सायंकाळीं गर्दी लोटते. मिसर देशांत आबू सिंबल येथें २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर या दिवशीं उगवतीचे किरण रामेसिसाच्या मूर्तीपर्यंत पोहोंचतात. आस्वानच्या धरणाच्या पाण्यांत तें देऊळ बुडूं नये म्हणून १९६४ ते १९६८ या वर्षांत तें कापून वर उचललें, तेव्हां हा सूर्यप्रवेश साधावा याची काळजी घेणें स्थापत्यशास्त्रज्ञांस आवश्यक वाटलें.

पाण्यासंबंधींहि अशीच एक गोष्ट आमच्या जिल्ह्यांत आहे. यवतमाळहून नागपूरच्या वाटेवर कळंब लागतें. ‘आईन-इ-अकबरी’ मध्यें वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत कळंब हें एक स्वतंत्र सरकार म्हणून गणलें आहे. तेथील चिंतामणीचें देऊळ जमिनीच्या पातळीच्या खालीं आहे. पायऱ्या उतरून जावें लागतें, आणि आंत एक कुंड आहे. गौतमाच्या शापानें पीडित झालेल्या इंद्रानें येथें गणेशाची आराधना केली, अशी स्थलकथा सांगतात. कांहीं वर्षांच्या अंतरानें कुंडांतील पाणी चढत चढत मूर्तीच्या चरणांस लागतें आणि मग ओसरतें. यास लोक गंगा आली म्हणतात आणि दूरदूरचीं माणसें दर्शनास धांवतात. सायंकाळीं या पायऱ्या उतरणारास वरचा उजेड मागें राहतो आणि खालचें पाणी समईच्या उजेडांत डोलतें. मिसरच्या देवळांतूनहि अशा पायऱ्यांच्या विहिरी आहेत. कोम ओम्बो येथें आणि एलेफंटाईन बेटावर त्या आजहि दिसतात. तेथें पुजारी नाईलच्या पुराची उंची मोजीत आणि त्यावरून पुढच्या पिकाचा अंदाज बांधीत. कळंबास कोणी मोजीत नाहीं. परंतु पर्जन्यावर जगणाऱ्या मुलुखांत पाणी देवाच्या पायांपर्यंत आलें ही बातमी लोकांस इतकी महत्त्वाची कां वाटावी, हें समजण्यास नाईलच्या कांठचें हें उदाहरण उपयोगीं पडतें.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. नांव आणि दिवा यांपैकीं एकच हातीं राहिल्यास काय होतें?

मिसरच्या दक्षिण सीमेवर फिले नांवाचें बेट होतें. तेथें इसिस देवीचें देऊळ. देशांत ख्रिस्ती धर्म पसरल्यावरहि तेथील पूजा बराच काळ चालूं होती. त्या देवळाच्या भिंतीवर २४ ऑगस्ट ३९४ रोजीं एका पुजाऱ्यानें चित्रलिपींत चार ओळी कोरल्या. ज्यांची तिथि ज्ञात आहे अशा चित्रलिपींतील लेखांत तो शेवटचा. सहाव्या शतकांत सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेनें तें देऊळ बंद झालें आणि पुढें त्याचें चर्च झालें. दिवा विझला, त्याबरोबर लिपि वाचणारा वर्गहि नाहींसा झाला. पुढें चौदाशें वर्षें भिंतींवर हजारों नांवें असूनहि त्यांतील एकहि कोणास वाचतां आलें नाहीं. १८२२ सालीं शांपोलियोंनें ती लिपि उलगडली तेव्हां तीं नांवें पुन्हां बोलकीं झालीं. म्हणजे दगडावर कोरलेलें नांवसुद्धां स्वतःच्या बळावर टिकत नाहीं. त्यास वाचणाऱ्या माणसांची अखंड परंपरा लागते.

डोंगरगांवच्या लेखास ही आपत्ति सोसावी लागली नाहीं. त्याची भाषा आणि लिपि जाणणारीं माणसें मधल्या आठ शतकांत केव्हांहि संपलीं नव्हतीं. गांवोगांवच्या देवळांत जो दिवा लावला गेला, जें स्तोत्र म्हटलें गेलें, जी पोथी नकलून ठेविली गेली, त्या साऱ्या व्यवहारानें हा धागा राखला. लीळाचरित्रांत चक्रधरस्वामी वऱ्हाडांत आणि गोदातीरीं हिंडत असतांना त्यांच्या मुक्कामाच्या जागा म्हणून देवळें वारंवार येतात. सायंकाळ झाली कीं वाटसरूनें जवळचें देऊळ गांठावें, हा तेराव्या शतकाचा शिरस्ताच दिसतो. पुढें महानुभावांनीं स्वामींच्या अशा स्थानांची नोंद करण्यासाठीं ‘स्थानपोथी’ रचिली. कोणतें देऊळ कोणत्या दिशेस, त्याचें दार कोणीकडे, हें त्यांत बारकाईनें लिहून ठेविलें आहे. ज्या पंथानें हेमाद्रीस आपला वैरी मानिलें, त्याच पंथानें त्या काळच्या देवळांची सर्वांत दक्ष नोंद ठेवावी, हा योगायोगहि लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

तथापि या अखंड परंपरेचा अभिमान सांगतांना तिची दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. समईचा उजेड सर्वांसाठीं नव्हता. मिसरच्या देवळांत सामान्य माणूस बाहेरच्या चौकापलीकडे जात नसे. आमच्या देवळांत शेतकरी, कुणबी गाभाऱ्याच्या दारापर्यंत गेला, परंतु ज्यांनीं गांवचीं मेलेलीं गुरें ओढिलीं, वेस राखिली, त्यांस मंडपाची पायरीहि वर्ज्य होती. शेजारच्या अमरावतींत अंबादेवीच्या देवळासाठीं १९२७ सालीं सत्याग्रह करावा लागला. आणि १९५० सालीं राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट झाल्याचें जाहीर केलें तेव्हां कायद्यापुरता तरी हा प्रश्न मिटला. ज्या पाथरवटांनीं हे दगड खाणींतून काढिले, घडविले आणि वर चढविले, त्यांच्यांतील किती जणांस प्राणप्रतिष्ठेनंतर आंत जातां आलें असेल? देवळाच्या अनामिकपणांत हाहि एक थर आहे. डोंगरगांवच्या लेखांत राजाचें नांव आहे, दान घेणाराचा उल्लेख आहे. घडविणारा पुन्हां अंधारांतच राहतो.

आज या देवळांस जो धोका आहे तो भक्तीच्या अभावाचा नसून बहुतेक ठिकाणीं भक्तीच्या घाईचा आहे. गांवांत पैसा आला कीं जीर्णोद्धार निघतो. काळ्या दगडावर तैलरंग चढतो, द्वारशाखेवर चकचकीत फरशी बसते, गळणाऱ्या छतावर सिमेंटचा थर ओततात. चुन्याशिवाय रचलेल्या भिंतीस श्वास घेण्यास सांधे असतात. सिमेंटनें ते बुजले कीं आंत मुरलेलें पाणी बाहेर पडत नाहीं आणि तेंच दगड फोडूं लागतें. तैलरंगाच्या चार पुटांखालीं एखादी ओळ असेल तर ती गेलीच. दुसरी डोंगरगांवची शिळा एखाद्या पायरीखालीं उलटी बसविलेली नसेल, असें कोणीं सांगावें? सरकारचे कायदे आहेत. १९०४ चा जुना, त्यानंतर १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा महाराष्ट्राचा. परंतु कायद्याचें संरक्षण ज्या वास्तु यादींत आहेत त्यांस मिळतें, आणि खेड्यांतील अशीं देवळें त्या यादींत थोडीं.

म्हणून जें काम सरकार करील तें करो; गांवानें करावयाचें काम वेगळें आहे आणि तें खर्चाचें नाहीं. प्रत्येक गांवच्या शाळेनें आपल्या देवळाची एक वही ठेवावी. दार कोणत्या दिशेस, खांब किती, गाभारा किती हात, कोणत्या दगडावर अक्षरासारखें कांहीं आहे, कोणता सण केव्हां, पाणी कोठें, गांवच्या जुन्या माणसांस काय आठवतें, हें त्यांत उतरून घ्यावें. छायाचित्र घेण्याचें साधन आतां प्रत्येकाच्या खिशांत आहे. तिरप्या उजेडांत झिजलेलीं अक्षरेंहि सांवलीमुळें उठून दिसतात, हें शिलालेख वाचणारे जाणतात. आणि असा तिरपा उजेड मावळत्या उन्हांत फुकट मिळतो. म्हणजे ज्या वेळीं दर्शनास जावयाचें त्याच वेळीं हें कामहि साधतें. जीर्णोद्धार अवश्य करावा, परंतु रंगाचा डबा उघडण्यापूर्वीं ही वही भरलेली असावी, एवढीच आमची विनंति.

‘हेमाडपंतानें बांधिलें’ हें उत्तर सोपें आहे आणि त्यांत कृतज्ञताहि आहे. परंतु ज्यांनीं खरोखर बांधिलें त्यांच्यावर त्यामुळें अन्याय होतो. जगद्देव, लोलार्क, पद्मावती हीं नांवें दगडांत होतीं म्हणून परत आलीं. वर्धा-पैनगंगेच्या संगमाजवळच्या जुगादपासून लोहाऱ्यापर्यंत आणि तेथून पुसदच्या डोंगरांपर्यंत अशा किती दगडांवरची ओळ अजून कोणाच्या नजरेस पडावयाची आहे, हें आज सायंकाळीं तेथें दिवा घेऊन जाणारीं माणसेंच आम्हांस सांगूं शकतील.